काचेच्या पेटीत अंतर कुठून आणायचं?

रत्नागिरीत ज्याच्या घरी खाऱ्या पाण्याची पेटी आहे, त्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. समुद्र एवढा जवळ असताना तुमचे मासे आजारी कसे पडतात? प्रश्न रास्त आहे. मांडवीला उभं राहिलं की समोर अरबी समुद्र, दक्षिणेला भाट्याची खाडी, उत्तरेला किल्ल्यापलीकडे मिऱ्याचा किनारा. पाणी तिथलंच आणता येतं. खारेपणा तोच, ऊब तीच. तरीही पेटी लावल्यावर काही आठवड्यांत क्लाउनफिशच्या परांवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके येतात, काचेवर तपकिरी थर धरतो, दगडांवर केसाळ शेवाळ माजतं आणि एखाद्या फटीतून कुणीही न आणलेलं समुद्रफूल वर येतं.

अशा वेळी पहिला संशय पाण्यावर जातो, दुसरा दुकानदारावर आणि तिसरा नशिबावर. मला हे तिन्ही संशय अपुरे वाटतात. ठिपके पाडणारा परजीवी समुद्रातही आहे. शेवाळ तर समुद्रात ढिगांनी आहे. दिवाळीनंतर ओहोटीच्या वेळी आरे-वारेच्या कातळावर जाऊन पाहावं, आधी हिरवं, मग तपकिरी, पाय ठेवायला जागा नसते. ते समुद्रफूलही समुद्रातच जन्मलेलं असतं. यातलं काहीच अस्वाभाविक नाही. समुद्राजवळ आहे आणि पेटीजवळ नाही अशी गोष्ट एकच, ती म्हणजे अंतर. एका माशापासून दुसऱ्या माशापर्यंतचं अंतर, परजीवीपासून त्याच्या पुढच्या सावजापर्यंतचं अंतर, घाण पडते तिथपासून ती कुणाच्या तरी उपयोगी पडते तिथपर्यंतचं अंतर. शंभर लिटरच्या पेटीत हे सारं हातभर लांबीत कोंबलेलं असतं. खाऱ्या पाण्याची पेटी निरोगी ठेवण्याचे जे जे उपाय माणसाला आजवर सापडले, ते सगळे हे हरवलेलं अंतर कुठल्या ना कुठल्या रूपात परत देणारे आहेत. हे एकदा नीट उमगलं की कोणता उपाय का चालतो आणि कोणता का फसतो, हे पाठ करावं लागत नाही.

त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगापासून, म्हणजे व्हाइट स्पॉटपासून, सुरुवात करू. हा रोग करणारा जीव एकपेशीय आहे, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. १९३० च्या दशकात जपानमध्ये सिकामा यांनी त्याचं वर्णन केलं आणि १९५१ मध्ये ब्राउन यांनी त्याला आजचं नाव दिलं. माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरून तो तीन ते सात दिवस खात राहतो. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे हाच. पोट भरलं की तो मासा सोडतो, काही तास तळाशी सरपटतो आणि वाळूच्या कणाला किंवा दगडाला चिकटून स्वतःभोवती कवच करून घेतो. कवचाच्या आत त्याची विभागणी सुरू होते, एकापासून दोनशेपर्यंत नवे जीव तयार होतात. कवच फुटलं की ते पोहत बाहेर पडतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतात. आणि माशात शिरण्याची त्यांची ताकद तर पहिल्या काही तासांनंतरच ओसरायला लागते.

आता हेच त्या जीवाच्या बाजूने पाहा. उघड्या समुद्रात कवचातून बाहेर पडलेल्या त्या दोनशेंपुढे अथांग पाणी असतं आणि हातात काही तास. लाट त्यांना विखुरते. मासा केव्हाच पुढे गेलेला असतो. बहुतेक सगळे उपाशी मरतात, एखाद-दुसरा सावजापर्यंत पोचतो, आणि तेवढ्यावर ही जात टिकते. दोनशे हा आकडा समुद्राच्या अफाटपणाशी जुळलेला आहे. याहून नवलाची गोष्ट वेळेची. हा परजीवी मासा सोडतो तो बहुधा रात्री, पहाटेच्या सुमारास. कवचं फुटतात तीही अंधारात. रात्री मासा ठरलेल्या कपारीत, तळाच्या जवळ, निश्चल असतो. म्हणजे काल जिथे उतरलो तिथेच आजही मासा मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त. इतक्या लहान जीवाची सगळी रचना अंतराशी झगडण्यासाठी घडली आहे.

त्याला पेटीत आणून सोडलं की झगडायला अंतरच उरत नाही. मासा रोज रात्री त्याच दगडाआड झोपतो, आणि ती जागा कवचांपासून वीतभर दूर असते. हिशेब करून पाहावा. एका माशावर दहा ठिपके आले असं धरू. ते फारसे दिसतही नाहीत. दहांचे दोन हजार झाले. त्यांतल्या दहांत एकालाच मासा सापडला तरी पुढच्या फेरीला दोनशे, आणि त्यांचे चाळीस हजार. आपल्याकडच्या उबदार पाण्यात एक फेरी आठवड्या-दोन आठवड्यांत पुरी होते. समुद्रात जो परजीवी माशाला क्वचितच मारतो, तोच पेटीत महिन्याभरात सगळे मासे संपवतो. जीव तोच असतो, त्याच्या भोवतीची जागा बदललेली असते.

इथेच नवख्याची सर्वांत मोठी फसगत होते. पाचव्या-सहाव्या दिवशी ठिपके नाहीसे होतात, मासा पुन्हा खायला लागतो. घरात आनंद होतो, औषध लागू पडलं असं वाटतं. प्रत्यक्षात पहिली तुकडी खाली उतरलेली असते आणि वाळूत तिची वाढ चाललेली असते. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं कधीच समजू नये.

व्हेल्व्हेट नावाचा दुसरा रोग याहून झपाट्याचा आहे. तो करणारा अ‍ॅमिलोओडिनियम एका कवचातून २५६ पर्यंत जीव सोडतो आणि आधी कल्ल्यांवर बसतो. अंगावर बारीक सोनेरी भुकटी दिसेपर्यंत मासा धापा टाकू लागलेला असतो. इथे दिवस मोजायला सवड मिळत नाही, तासांत हालचाल करावी लागते.

मग हा परजीवी आपल्या घरात येतो कसा? आपल्याकडे येणाऱ्या माशाचा प्रवास डोळ्यांपुढे आणला की कळतं. कुठल्या तरी प्रवाळ बेटाजवळ पकडलेला मासा गोळा करणाऱ्याच्या टाकीत जातो, तिथून निर्यातदाराच्या, तिथून मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याच्या, तिथून दुकानाच्या. प्रत्येक ठिकाणी टाक्या अनेक असल्या तरी बहुधा फिरणारं पाणी एकच असतं. म्हणजे समुद्रात ज्या माशांची कधी गाठ पडली नसती ते सगळे वाटेत एकमेकांचं पाणी पिऊन आलेले असतात. अंतर कमी होण्याची सुरुवात आपल्या पेटीच्या कितीतरी आधी झालेली असते. म्हणूनच बंदिस्त पाण्यात पैदास केलेला क्लाउनफिश घ्यावा असं मी आग्रहाने सांगतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र आपल्या देशात विकसित केलं आहे. असा मासा समुद्रातून काही घेऊन येत नाही, समुद्रातूनही एक मासा कमी होत नाही. पण तोही दुकानाच्या सामाईक पाण्यात चार दिवस राहिला की त्याचं सोवळं संपलं.

याला इलाज एकच, आणि तो कोकणाला शिकवावा लागू नये. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना गावच्या शाळेत १४ दिवस थांबवलं होतं. नव्या माशाचंही तसंच करायचं. स्वतंत्र छोटी टाकी, स्वतंत्र जाळी, स्वतंत्र नळी, आणि तिथे घातलेला हात धुतल्याशिवाय मुख्य पेटीत घालायचा नाही. फरक दिवसांचा आहे. किती दिवस थांबवायचं हे रोगाच्या चक्रावर ठरतं, आपल्या सोयीवर नाही. माशांसाठी चार ते सहा आठवडे धरावेत. ही टाकी दिसायला ओकीबोकी असते, तळाला वाळू नाही, दगड नाही, लपायला प्लास्टिकच्या पाइपचा एक तुकडा. वाळू नसणं हाही उपचारच आहे, कारण कवचांना बसायला जागा कमी मिळते आणि ती पुसून काढता येतात. जिवाणूंचा जम बसलेला नसल्याने अमोनिया मात्र रोज मोजावा लागतो, पाणी वरचेवर बदलावं लागतं.

या टाकीत जे उपचार करतात त्यांपैकी मला सर्वांत आवडतो तो औषधाविना होणारा. मासा दर तीन दिवसांनी एका टाकीतून दुसऱ्या, धुऊन वाळवलेल्या आणि नवं पाणी भरलेल्या टाकीत हलवायचा, असं चार वेळा. अंगावरचा परजीवी सुटून तळाशी पडतो, पण त्याची कवचं फुटायच्या आत मासा तिथून गेलेला असतो. मागे राहिलेली टाकी रिकामी करून वाळवायची. समुद्रात मासा जे रोज सहज करतो, म्हणजे पुढे निघून जातो, तेच आपण त्याच्या वतीने हाताने करतो. व्हाइट स्पॉटपुरता हा उपाय चोख आहे. दोन टाक्या आणि नियमितपणा यांपलीकडे खर्च नाही.

तांब्याचा उपाय जुना आहे. मोरचुदातलं तांबं पाण्यात लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतकंच ठेवतात, आणि निदान तीन-चार आठवडे ते रोज चाचणीने मोजून स्थिर राखतात. बाजारातल्या बांधीव तांब्याच्या औषधांचं प्रमाण वेगळं असतं, तिथे बाटलीवरचा आकडाच पाळायचा. लक्षात घ्यायची गोष्ट ही की तांबं कातडीखालच्या परजीवीला मारत नाही, कवचातल्यालाही नाही. ते मारतं फक्त कवचातून सुटून माशाकडे निघालेल्याला. म्हणजे उपचार त्या मधल्या वाटेवरच आहे. वाट छोटी झाली म्हणून तिच्यावर पहारा बसवला, एवढंच. महिनाभर पहारा का, हेही त्यातून कळतं, कारण सगळे एकाच दिवशी बाहेर पडत नाहीत. आणि हा पहारा मुख्य पेटीत कधीही बसवू नये. तांबं कोळंबी, गोगलगाय, खेकडा यांना मारतं, शिवाय चुनखडीचे दगड आणि वाळू ते शोषून ठेवतात. आपल्या भागात सुपारीवरच्या कोळे रोगाला मोरचूद आणि चुना एकत्र करून बोर्डो मिश्रण फवारतात. पेटीवाल्याच्या कपाटातही हे दोन्ही असतात, पण त्यांना एकमेकांपासून दूरच ठेवावं लागतं.

तिसरा उपाय खारेपणा उतरवण्याचा. समुद्रातल्या माशाच्या रक्तात मीठ समुद्राच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं असतं. त्यामुळे पाणी दर हजारी ३५ वरून १६ च्या खाली हळूहळू आणलं तर मासा ते सोसतो, त्याच्या शरीराचे कष्ट उलट कमीच होतात. कवचातल्या एकपेशीय जीवाला ते झेपत नाही. भाट्याच्या खाडीत दर पावसाळ्यात खारेपणा असाच उतरतो आणि खाडीचे मासे तो पचवतात. हा उपाय खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर हातात नसताना मात्र करू नये, कारण १८ वर थांबलात तर उपचार झालाच नाही. व्हेल्व्हेटवर तो चालत नाही, तो परजीवी कितीतरी कमी खारेपणात तगतो. आणि तैवानमध्ये व्हाइट स्पॉटचाही कमी खारेपणाला सरावलेला वाण सापडलेला आहे. खाडीजवळून आणलेल्या माशाच्या बाबतीत मी म्हणूनच या उपायावर एकट्यावर भिस्त ठेवणार नाही.

मासे बाहेर काढून उपचार चालू आहेत, मग मुख्य पेटीचं काय? तिथे वाळूत कवचं आहेतच. इथे जागेचं अंतर देता येत नाही, म्हणून काळाचं द्यायचं. पेटीत एकही मासा ठेवायचा नाही. कोळंबी, गोगलगायी, खेकडे राहू द्यायचे, कारण हा परजीवी माशाखेरीज कुणावर जगत नाही. बहुतेक कवचं पहिल्या तीन-चार आठवड्यांत फुटतात, पण ७२ दिवसांपर्यंत उशीर झाल्याची नोंद आहे. त्यामुळे ७६ दिवस पेटी माशांविना ठेवण्याचा रिवाज पडला आहे. अडीच महिने रिकामी पेटी पाहणं जड जातं, घरची मुलं रोज विचारतात. पण पन्नासाव्या दिवशी एक मासा सोडला तर पहिले पन्नास दिवस फुकट जातात. यात सूट नाही.

समुद्राचं पाणी आणतानाही काळच कामाला येतो. मिरकरवाडा बंदराच्या आसपास बोटींच्या डिझेलचा तवंग असतो, खाडीच्या तोंडाशी गाळ. तिथलं पाणी घेऊ नये. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ आणि कमी खारं असतं, तेव्हा चार महिन्यांची बेगमी आधी करावी किंवा तयार मिठाचं पाणी वापरावं. भरतीच्या वेळी, उघड्या किनाऱ्यावरून घेतलेलं स्वच्छ पाणी गाळून झाकणबंद पिंपात, अंधारात दोन-तीन आठवडे ठेवलं की त्यातले पोहणारे परजीवी मासा न मिळाल्याने मरतात, तरंगत्या वनस्पती उजेडाविना मरतात, गाळ बसतो. वरचं नितळ पाणी घ्यायचं, तळ सोडायचा. कोळंबीच्या बीजकेंद्रांत हेच काम ब्लीचिंग पावडर घालून आणि मग तिचा अंश थायोसल्फेटने मारून एक-दोन दिवसांत उरकतात. घरी घाई नसते, अंधार फुकट आहे.

एक उपाय सुंदर दिसतो म्हणून फार चालतो: अंग साफ करणारा क्लीनर रास मासा आणून सोडायचा. समुद्रात तो खरोखर वैद्य आहे. संशोधक अलेक्झांड्रा ग्रटर यांनी ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळांवर मोजलं, तेव्हा एक रास दिवसाला सुमारे १२०० परजीवी खातो असं दिसलं. पण ते परजीवी होते बारीक खेकडावर्गीय जीव, कातडीच्या वर बसणारे. व्हाइट स्पॉट कातडीच्या आत असतो, तिथे रासचं तोंड पोचत नाही. शिवाय १२०० घास रोज पुरवणारे मासे समुद्राच्या एका मोठ्या तुकड्यात असतात, आपल्या पेटीतल्या चार माशांच्या अंगावर नसतात. तो उपाशी मरतो. या माशाची विक्रीच थांबावी असं माझं स्पष्ट मत आहे.

माशांवरचा आणखी एक त्रास चपट्या कृमींचा, ते कल्ल्यांना आणि डोळ्यांना चिकटतात. त्यांच्यासाठी तापमान आणि सामू जुळवलेल्या गोड्या पाण्यात तीन ते पाच मिनिटं मासा ठेवला की ते पांढरे पडून गळतात. अंडी मात्र चिवट धाग्याने जाळीला, दगडाला अडकलेली असतात आणि गोड्या पाण्याला दाद देत नाहीत. म्हणून अंडी उबल्यावर, पण नव्या कृमींनी अंडी घालण्याआधी, पुन्हा तोच उपचार करायचा. इथेही मोजायचे ते दिवसच.

आता न बोलावता आलेले बाकीचे. एप्टेसिया हे तपकिरी, काचेसारखं पारदर्शक समुद्रफूल. ते चिमट्याने ओढलं तर पायाचा तुकडा दगडावर राहतो आणि त्यातून नवं उगवतं. रागाने खरवडणाऱ्याच्या पेटीत एकाची दहा होतात. समुद्रात त्याला खाणारे मासे आणि शंख नसलेल्या गोगलगायी त्याच्या वाटेवर असतात. पेटीत ते अंतर उलट्या अर्थाने बिघडलेलं असतं, इथे शिकारी अनंत दूर आहे. बेर्गिया ही बारीक गोगलगाय फक्त एप्टेसियाच खाते, ती संपली की स्वतः संपते. पेपरमिंट कोळंबीही खाते. थोडी असतील तर दाट कालवलेला चुना सिरिंजने थेट त्यांच्या तोंडावर सोडावा; चुन्याची निवळी प्रवाळांच्या पेट्यांत कॅल्शियमसाठी घालतातच, त्यामुळे हे पेटीला परकं नाही. मात्र एका वेळी दोन-तीनच, नाहीतर सामू एकदम चढतो.

हे पाहुणे बहुधा दगडांबरोबर येतात. आणि दगडांबद्दल कायदा माहीत असला पाहिजे. दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती, समुद्रघोडे, मोठे शिंपले यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मालवणचं सागरी अभयारण्य असो की किनाऱ्यापासून शंभर-एक किलोमीटरवरचा आंग्रिया बँक, तिथल्या प्रवाळाचा तुकडाही घरी आणणं गुन्हा आहे. भाजून तयार केलेले कृत्रिम दगड घ्यावेत. ते कोरडे येतात, त्यांच्याबरोबर कुणी येत नाही. सुरुवातीला ते निर्जीव दिसतात, सहा-आठ महिन्यांत त्यांच्यावर रंग चढतो.

काट्यांच्या अळ्या दिसल्या की लोक घाबरतात. वाळूत राहणाऱ्या बहुतेक अळ्या उरलेलं अन्न खाऊन उपकारच करतात. हातमोजा घालावा आणि त्यांना राहू द्यावं. त्या फार वाढल्या तर अन्न जास्त पडतं आहे, इतकाच त्याचा अर्थ.

यावरून शेवाळाकडे येऊ. शेवाळाला शत्रू मानणं मला पटत नाही. नव्या पेटीतला तपकिरी थर डायटमचा; सिलिका संपली की काही आठवड्यांत तो आपोआप ओसरतो. लाल-जांभळी साय म्हणजे सायनोबॅक्टेरिया, ते शेवाळही नाही. खरा प्रश्न केसाळ हिरव्याचा. आपण रोज चिमूटभर खाद्य टाकतो. समुद्रात माशाने टाकलेलं कितीतरी पाण्यात विरतं, खाल्लं जातं, खोल जातं. पेटीतून बाहेर काही जातच नाही. उलट पाणी उडून जातं आणि सगळं मागे राहतं. त्याची भर म्हणून विहिरीचं किंवा नळाचं पाणी टाकलं तर त्यातले क्षारही रोज साठत जातात. म्हणून भर घालायला आरओचं पाणी घ्यावं, किंवा आपल्याकडे चार महिने आभाळातून येतं ते. पहिले काही पाऊस सोडून, कौलावरून न घेता थेट उघड्यावर ठेवलेल्या प्लास्टिकच्या भांड्यात धरलेलं.

आणि समुद्रात शेवाळाला कुणीतरी सतत खात असतं. ते किती, हे १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्राने दाखवलं. पनामाच्या बाजूने एक रोग पसरला आणि वर्षभराच्या सुमारास लांब काट्यांचे डायडेमा जातीचे ९० टक्क्यांहून अधिक सी-अर्चिन मेले. शेवाळ खाणारे मासे आधीच मासेमारीने कमी झालेले होते, १९८० च्या वादळाने प्रवाळ मोडलेले होते. जमैकाच्या तळावर १९७० च्या दशकात निम्म्याच्या आसपास जिवंत प्रवाळ होते, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ५ टक्क्यांच्याही खाली गेले आणि शेवाळाने जागा घेतली. आख्ख्या समुद्राची ही गत, मग गोगलगाय नसलेल्या पेटीची काय कथा. ट्रोकस, टर्बो, सेरिथियम या गोगलगायी पेटीच्या नोकर नाहीत, त्या पेटीचा पाया आहेत. त्या माशांच्या आधी आणाव्यात. त्यांनाही वेगळं ठेवायचं, कारण त्यांच्या शंखाला परजीवीचं कवच चिकटून येऊ शकतं.

शेवाळ हाताने उपटावं आणि बाहेर टाकावं. जे नायट्रेट-फॉस्फेट त्याने पाण्यातून ओढलं ते त्याच्याबरोबर घराबाहेर जातं. औषधाने जागीच मारलं तर ते सगळं पाण्यात परत येतं आणि महिन्याभरात दुप्पट शेवाळ उगवतं. म्हणूनच पेटीत शेवाळ माजलेलं असताना चाचणीत नायट्रेट शून्य दिसतं; ते पाण्यात नसून शेवाळात असतं. आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलणं, फेस काढणारा स्किमर, कमी खाद्य, दिवसाला आठच तास दिवा, हे सगळे बाहेर नेण्याचे किंवा आत कमी आणण्याचे मार्ग आहेत. सर्वांत शहाणा मार्ग मला वेगळ्या कप्प्याचा वाटतो. पेटीखाली जोडलेल्या दुसऱ्या टाकीत चेटोमॉर्फा नावाचं गुंतवळी शेवाळ मुद्दाम वाढवायचं, त्यावर रात्री दिवा लावायचा आणि दर पंधरा दिवसांनी त्याची मूठभर कापणी करून टाकायची. शेवाळाला त्याची जागा दिली की ते माशांच्या जागेवर येत नाही. मात्र पाणी अगदी निःसत्त्व करण्याच्या मागे लागू नये. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की डायनोफ्लॅजेलेटची बुडबुडेदार चिकट साय येते, आणि ती केसाळ शेवाळापेक्षा कठीण.

झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. पेटी घेण्याआधी तिथल्या टाक्या पाहाव्यात, आणि मासे पाहून झाले की टाक्यांमागची नळांची मांडणीही पाहावी. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे जातं हे कळलं की अर्धं शिक्षण झालं.

आतापर्यंत अंतर पेटीसाठी मागितलं. तेच अंतर समुद्रालाही आपल्यापासून हवं आहे. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या पाण्यात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाचा एक चौरस मीटरभर पट्टा दिसला. तो मत्स्यालयांत वाढवलेला, थंडी सोसणारा वाण होता. पुढच्या वर्षांत तो भूमध्य समुद्राच्या हजारो हेक्टर तळावर पसरला. २००० मध्ये तोच वाण कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात सापडला, तेव्हा त्यावर ताडपत्र्या अंथरून आत क्लोरीन सोडावं लागलं आणि तो गेला हे जाहीर करायला २००६ उजाडलं.

पेटी मोडताना भाट्याच्या खाडीत किंवा मांडवीच्या वाळूवर काही रिकामं करू नका. शेवाळ आणि दगड उन्हात पुरते वाळवा, पाण्यात ब्लीचिंग पावडर घालून ते एक दिवस ठेवा आणि मगच संडासात ओता. मासा नकोसा झाला तर दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या पेटीवाल्याला द्या, समुद्रात सोडू नका.